कोजागिरीची बैठक

आमच्या तालमीत कोजागिरीला दूध आटायला ठेवलं, की भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. गणपती झाले, नवरात्र झालं, वर्गणीचे हिशेब कसेबसे मिटले. आता विषय एकच, विजयदुर्गाला गरवायला, म्हणजे गरीनं, गळानं मासे धरायला, कधी जायचं? पंचगंगेच्या घाटावर गळ टाकायला कोल्हापूरकराला मुहूर्त लागत नाही. पिठाची गोळी लावली की बसला. समुद्र मात्र आपल्या सुट्टीकडे बघून भरत नाही.

भरतीची वेळ काढायचा मान अण्णांचा. "तिथीची पाऊणपट कर की लेका!" अष्टमी म्हणजे सहाला भरती, द्वादशी म्हणजे नऊला. पोरं लगेच मोबाइलवर ताडून बघायची. थोडाफार फरक निघायचाच. तो मोबाइलचा धरायचा, असा तालमीचा अलिखित नियम.

मग खरा वाद. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती, पाण्याला जोर नसतो. पुनवेला उधाण, तेव्हा ओढ एवढी की दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला ठरत नाही, गरी वाहत जाते. त्यामुळे अण्णांचं मत त्रयोदशीला. पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे पहाटे चारपासून पाणी चढतं आणि उजाडताना वाघोटणच्या खाडीत मासा आत शिरतो. एवढं जमलं की बाकीचं आडवं यायचं. दिवाळीत घर सुटत नाही. कार्तिकी एकादशीला निम्मी तालीम उपवासाला. मार्गशीर्ष लागला की गुरुवार सुरू, घरात मासळीचं नाव काढायची सोय नाही. त्यात ज्याच्या उसाला तोड आली तो हमखास गळाला. शेवटी घरातलं तुळशीचं लग्न बारशीलाच उरकायचं आणि रात्री निघायचं, यावर गाडी यायची. बहुतेक वर्षी उत्तर हेच निघायचं, तरी वाद पहिल्यापासून. वाद झाला नाही तर बैठक झाली असं कुणाला वाटायचंच नाही.

दूध पिऊन झालं की सामान. आमच्या गावात फाउंड्रीत काम केलेला माणूस गल्लीगणिक सापडतो, त्यामुळे शिसं विकत आणणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. बापू जुनं शिसं लोखंडी पळीत वितळवायचे. वर जमलेली काळी साय चमच्यानं बाजूला सारली की खाली लख्ख चांदीसारखं दिसायचं. ओल्या वाळूजवळ पळी न्यायची नाही, उडतं, हे ते दर वेळी ओरडून सांगायचे. कोरड्या साच्यात तारेची कडी रोवलेली असायची, त्यात धार सोडायची. वजनं गार होईपर्यंत पोरांना हात लावायला बंदी.

नव्या पोरांना शिंगाळ्याचा, त्या काटेरी पंखांच्या माशाचा, किस्सा ऐकावाच लागतो. धक्क्यावर एकानं गरीला लागलेला शिंगाळा मुठीत धरला आणि पंखाचा काटा तळव्यात गेला. गडी आखाड्यातला, पण डोळ्यांतून पाणी. शेजारच्या घरातल्या काकी सोसेल एवढं गरम पाणी घेऊन आल्या, हात त्यात बुडवून ठेवायला लावला, तेव्हा ठणका उतरला. सांगणाऱ्यागणिक त्या शिंगाळ्याचं वजन वाढत गेलंय. केंड माशाची गोष्ट त्यामानानं छोटी. तो दोरी कुरतडतो, वर आला की फुगतो आणि विषारी असल्यानं खायच्या कामाचा नाही.

वाट ठरवायला वेळ लागत नाही. गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे. 2024 साली करूळ घाट कामासाठी बंद होता, तेव्हा मात्र फोंड्यानं जायचं की भुईबावड्यानं, यावर दूध गार होऊन साय धरेपर्यंत चर्चा रंगली.

परतल्यावर तालमीत दुसरी बैठक, ती जेवायची. तांबोशी, पालू, नशीब असेल तर एखादा गोबरा. भांडण इथंही. विजयदुर्गच्या काकींनी शिकवल्याप्रमाणे ओलं खोबरं आणि तिरफळं घालायची, का आपली कांदा-लसूण चटणी? अण्णा तिरफळाच्या बाजूचे, बापू चटणीच्या. दोघांचं वय बघता मत मोजायची कुणाची छाती नाही, म्हणून दोन पातेली चढतात. कुठलं आधी रिकामं होतं ते मी इथं लिहिणार नाही. मला पुढच्या वर्षी गाडीत जागा पाहिजे.