ए ६० के ५ व्ही

बोहरी आळीतल्या त्या दुकानात दुपारी साडेतीनच्या आत जाऊ नये हे माहीत असूनही गेले. बाजार बंद होईपर्यंत शेठचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये असतं. मी म्हटलं, "आठ इंची ग्राइंडिंग व्हील हवंय," म्हणजे लोखंड घासायचं, धार लावायचं चाक. ते म्हणाले, "दोनशे पडला." मला वाटलं भाव सांगतायत. तर तो सेन्सेक्स, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक.

"कुठलं देऊ? रफ का फाइन?"

"ए साठ के पाच व्ही."

शेठनी मोबाइल चक्क पालथा ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. इतका आदर मला पैठणीच्या दुकानातही कधी मिळालेला नाही.

मला वस्तूंवरचं बारीक छापलेलं वाचायची खोड आहे. गॅस सिलिंडरच्या गळ्याशी रंगवलेलं अक्षर आणि साल, टायरच्या कडेचे आकडे, औषधाच्या पट्टीमागचा बॅच नंबर. लग्नाच्या हॉलमध्ये बसले तर अग्निशामक नळकांड्यावरची तारीख बघून येते. घरचे म्हणतात, हिला लिफ्टमध्ये एकटीला सोडू नका, वजनाची पाटी वाचून लोकांना बाहेर काढेल. ही खोड काकांची. ते भोसरीला कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथे हत्यारं आणि साचे बनतात तिथे होते, आणि रविवारी मित्राच्या शेडमध्ये 'जरा हात चालवायला' जायचे. काकूला दुपारी झोपायचं असायचं म्हणून मला बरोबर धाडलं जायचं.

शेडमध्ये पत्र्याचा ताप, कूलंटचा आंबूस वास आणि एका खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर, ज्याची पानं कुणी उलटत नसे. नवीन व्हील आलं की काका ते लगेच मशीनवर चढवत नसत. भोकात बोट घालून लोंबतं धरायचे आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हळूच ठोकायचे. एक ठोका, मग थोडं फिरवून दुसरा. आजी माठ घेताना करायची तसंच. टण्ण वाजलं की "बोलतंय" म्हणून मान हलवायचे. बद्द वाजलं की आत कुठेतरी तडा. मग ते व्हील कितीही कोरं दिसो, काका तिथेच फोडून टाकायचे, नाहीतर दुसरा कुणी उचलून लावेल म्हणून.

वाजवून झालं की वाचन. व्हीलला दोन्ही बाजूंनी जाडसर कागदाची गोल चकती चिकटवलेली असते, तिच्यावर ही सगळी बाराखडी. काका पाढे विचारावेत तसं विचारायचे.

"ए?"

"ॲल्युमिनियम ऑक्साइड. लोखंड-पोलादाला."

"आणि सी असता तर?"

"सिलिकॉन कार्बाइड. बीडाच्या ओतीव लोखंडाला, पितळेला, दगडाला. हिरवं असेल तर कार्बाइडच्या टूलला."

"साठ?"

साठ म्हणजे कणाचा आकार. ज्या चाळणीतून दाणा चाळला तिला एका इंचात किती भोकं, तो हिशोब. त्यामुळे आकडा वाढला की दाणा बारीक होतो. चोवीस म्हणजे भरड, साठ म्हणजे मध्यम, एकशेवीसने चकाकी येते. मोठा आकडा म्हणजे मोठी गोष्ट असं शाळेत नुकतंच डोक्यात बसवलेलं असताना हे उलटं शिकणं जड गेलं. पुढचा पाच म्हणजे दाणे किती दाटीवाटीने बसलेत ते, आणि शेवटचा व्ही म्हणजे भट्टीत भाजून चिनी मातीच्या जातीने जोडलेलं. रबराने जोडलं तर आर, रेझिनने जोडलं तर बी.

मधला 'के' मात्र काकांचा लाडका. तिथे ते मशीन बंद करून बोलायचे. ए पासून झेड पर्यंत मऊ ते कडक अशी ती श्रेणी आहे, आणि के कुठेतरी मध्यावर, जरा अलीकडे. पण कडक म्हणजे दाणा कडक नव्हे. दाणा तोच. त्याला धरून ठेवणारी पकड किती घट्ट, ते हे अक्षर सांगतं. घासायच्या तुकड्याला ते जॉब म्हणत. मग काका विचारायचे, "जॉब कडक असेल तर व्हील कसं लावशील?" मी छातीठोकपणे म्हणायचे, "कडक." आणि काकांना जो आनंद व्हायचा! "अं हं! मऊ!"

कडक पोलादावर दाणे लवकर बोथट होतात. पकड घट्ट असली तर ते बोथट दाणे तिथेच बसून राहतात, व्हील आरशासारखं गुळगुळीत होतं, कापत काहीच नाही, नुसतं घासतं, आणि जॉब निळा पडेपर्यंत तापतो. व्हील ग्लेज झालं, म्हणतात. पकड सैल असली तर दाणा बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो, तो निखळून पडतो आणि खालचा ताजा, धारदार दाणा वर येतो. म्हणजे चांगलं व्हील स्वतःला सतत टाकत असतं. मऊ लोखंडावर दाणे टिकतात, म्हणून तिथे कडक व्हील, नाहीतर चांगला माल फुकट झडून जातो. हे मला इतकं आवडलं होतं की शाळेत सहविचार सभेत बोलून आले. कुणाला काही कळलं नाही.

शेठकडे परत येऊ. येतेच असं नाही, पण त्यांच्या 'दोनशे पडला'ने माझी दुसरी खोड जागी केली.

दोनशे अंक म्हणजे किती? कशातले दोनशे? बातम्या वर्षानुवर्षं अंकांतच बोलतात. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहताचा घोटाळा फुटल्यानंतरच्या त्या दिवसांत, सेन्सेक्स ५७० अंकांनी पडला. ४ जून २०२४ ला, निवडणुकीच्या निकालादिवशी, जवळपास ४३९० अंकांनी. आकडे शेजारी ठेवले तर वाटावं की दुसऱ्या वेळी आकाशच कोसळलं. प्रत्यक्षात १९९२ ची पडझड पावणेतेरा टक्क्यांची होती आणि २०२४ ची पावणेसहाची. इंचात भोकं किती हे न सांगता नुसतं 'साठ' म्हणण्यासारखंच हे. मी टीव्हीसमोर बसून "टक्के सांगा, टक्के" असं ओरडते. टीव्ही ऐकत नाही, नवराही ऐकत नाही.

सेन्सेक्सचं लेबल तसं वाचायला सोपं आहे. १९७८-७९ साल हा पाया, त्याला १०० धरलं. १ जानेवारी १९८६ पासून तो काढू लागले. तीस कंपन्या. त्यांचं बाजारमूल्य घ्यायचं, पण प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी काढणाऱ्या मालकमंडळींनी, घट्ट धरून ठेवलेले शेअर वगळून, जे खरोखर खरेदी-विक्रीला मोकळे आहेत तेवढ्यांचंच. ही शेवटची सुधारणा सप्टेंबर २००३ ची. २०२४ च्या जुलैत सेन्सेक्सने ८०,००० ओलांडले, म्हणजे पायाच्या आठशेपट, आणि यात लाभांश धरलेला नाही. निफ्टी, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक, त्याचा धाकटा भाऊ, पण खटलं मोठं: पन्नास कंपन्या, ३ नोव्हेंबर १९९५ ला १००० धरून. म्हणून एकाच दिवशी सेन्सेक्स आठशेने आणि निफ्टी अडीचशेने हलतो तेव्हा दोघे एकच गोष्ट सांगत असतात, पट्ट्या वेगळ्या. आणि तीस किंवा पन्नास म्हटलं तरी सगळ्यांचा आवाज सारखा नसतो. दोन-चार मोठ्या बँका आणि रिलायन्स एका दिशेला निघाले की बाकीच्यांनी काहीही केलं तरी फारसं ऐकू येत नाही. अमेरिकेतला डाऊ जोन्स याहून गमतीचा. १८९६ मध्ये बारा कंपन्यांच्या शेअरचे भाव बेरजेला लावले, बाराने भागलं, झालं. भागायचा आकडा पुढे बदलत गेला, कंपन्या तीस झाल्या, पण आजही तिथे महाग शेअर जास्त ओढतो, कंपनी लहान का मोठी हे कुणी विचारत नाही. काकांनी असलं व्हील वाजवूनही पाहिलं नसतं.

पण मला जे सांगायचंय ते 'के'चं आहे. सुरुवातीच्या तिसांत हिंदुस्थान मोटर्स होती आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, म्हणजे अँबॅसडर आणि पद्मिनी दोघीही. आज दोन्ही नाहीत. आयटीसी, लार्सन अँड टुब्रो, महिंद्रा अजून टिकून आहेत, ते दाणे खरोखर चिवट. वर्षातून दोनदा यादी तपासतात, एखाद्याला काढतात, एखाद्याला घेतात. २३ डिसेंबर २०२४ ला जेएसडब्ल्यू स्टील बाहेर गेली आणि झोमॅटो आत आली. पोलाद गेलं, डबा आला. टूलरूममधल्या माणसाला हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. पण निर्देशांक वर्षानुवर्षं चढताना दिसतो त्याचं एक कारण तिथेच आहे की. बोथट दाणा तो धरून ठेवत नाही. 'तेव्हापासून आठशेपट' म्हणताना आपण नकळत झडून गेलेल्यांना मोजायचं सोडून देतो. ज्याने १९८६ मध्ये ते तीस शेअर घेऊन कपाटात कुलूपबंद केले, त्याचं व्हील ग्लेज झालं असणार.

हे मी शेठना सांगायला सुरुवात केली होती. ते म्हणाले, "ताई, ग्राइंडवेलचं देऊ का? जरा महाग पडेल." आणि मला एकदम हसू आलं. देशातला ग्राइंडिंग व्हीलचा पहिला कारखाना, याच ग्राइंडवेलचा, १९४१ साली उरणजवळ मोऱ्याला निघाला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसावं आणि मोऱ्याला उतरावं, बस. त्याच ग्राइंडवेल नॉर्टनचा शेअर खाडीच्या अलीकडे दलाल स्ट्रीटवर विकला जातो. सेन्सेक्सच्या तिसांत मात्र ती नाही. म्हणजे सगळ्या देशाच्या सुऱ्या-कात्र्या, टूलबिटा, क्रँकशाफ्ट ज्यावर घासले जातात ते चाक त्या आकड्याच्या बाहेर, आणि बिर्याणी पोचवणारा आत. तक्रार नाही. बिर्याणी मीही मागवते.

आता एक आकडा राहिला, जो काका सगळ्यात आधी वाचायचे आणि मी इथे सगळ्यात शेवटी आणलाय. चकतीवर कमाल वेग छापलेला असतो. दोनशे मिलिमीटरच्या साध्या भाजलेल्या व्हीलला मिनिटाला ३१५० च्या आसपास फेरे. म्हणजे व्हीलची कड ताशी साधारण १२० किलोमीटरने धावते. त्यापुढे ते स्वतःच्याच वेगाने फुटू शकतं. बाजारालाही अशी मर्यादा घातलेली आहे: निर्देशांक दहा, पंधरा, वीस टक्के हलला की टप्प्याटप्प्याने व्यवहार थांबवतात. २३ मार्च २०२० ला सकाळीच दहा टक्के गेले, पाऊण तास सगळं बंद ठेवलं, मग पुन्हा सुरू झालं आणि दिवसअखेर तेरा टक्क्यांवर थांबलं. पाऊण तास श्वास घ्यायला मिळाला.

शेडचे मालक, काकांचे मित्र, यांचा डावा डोळा काचेचा होता. लहानपणी मला तो फक्त हसताना न हलणारा डोळा वाटायचा. खूप नंतर काकांनी सांगितलं. व्हील चांगलं होतं, नवं होतं, वाजवलेलंही होतं. फक्त ज्या मशीनवर चढवलं तिचा वेग व्हीलच्या वेगापेक्षा जास्त होता, आणि घाईत चकती कुणी वाचली नव्हती. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. शेडमध्ये नवीन पोरगा आला, मग तो मराठवाड्यातून आलेला असो की बिहारमधून, शाळा पाहिलेला असो की नसो, पहिला आठवडा त्याच्याकडून आकडे गिरवून घ्यायचे. इंग्रजी आकडे, शून्य ते नऊ, खडूने, पत्र्यावर. ए, के, व्ही नाही आलं तरी चालेल म्हणायचे, ते मी बघतो.