टोपी काढली तेव्हा

२००५ साली मी कंपनीच्या कामावर ओहायोत कोलंबसला होतो. सेकंडहँड गाडी, आणि तिच्या रेडिओवर धड लागणारं स्टेशन एकच, ते पण कंट्री म्युझिकचं, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांचं. मला कंट्री कधी झेपायचं नाही. ट्रक, बिअर, सोडून गेलेली बायको आणि मेलेला कुत्रा, संपला विषय. ऑफिसातला एकजण म्हणायचा की ही गाणी उलटी वाजवली ना की बायको परत येते आणि कुत्रा पण जिवंत होतो.

पण त्या स्टेशनवर एक गाणं सारखं लागायचं. रास्कल फ्लॅट्स नावाच्या बँडचं ‘स्किन’. बँडमधले दोघे चुलतभाऊ मूळ कोलंबसचेच, म्हणजे घरचीच पोरं, त्यामुळे तिथे त्यांचं कौतुक जरा जास्तच. मजा म्हणजे २००४ च्या ‘फील्स लाइक टुडे’ या अल्बमवर हे गाणं यादीत छापलेलंच नव्हतं, शेवटी गुपचूप टाकलेलं होतं, आणि रेडिओवाल्यांनी आपणहून वाजवत वाजवत ते मोठं केलं. लिहिलंय डग जॉन्सन आणि जो हेन्री या दोघांनी.

गोष्ट साधी आहे. साराबेथ नावाची शाळकरी पोरगी. डॉक्टर सांगतात की लाल पेशी आणि पांढऱ्या पेशींमध्ये काहीतरी बिघडलंय, नवीन औषध आहे, सगळ्यात स्ट्राँग आहे, दहातले सहा चान्स आहेत की हे परत येणार नाही. ती डोळे मिटते आणि स्वप्न बघते की आपण नाचतोय, वाऱ्यावर केस उडतायत. मग एका सकाळी उशीवर केसच केस. शाळेच्या डान्स पार्टीला आता कशी जाणार, कोण नेणार. आणि संध्याकाळी पावणेसातला तो मुलगा दारात, वडील त्याला आत घेतात, तो डोक्यावरची टोपी काढतो आणि टक्कल! त्याच दिवशी केलेलं. ती हळूच हात फिरवून बघते, हाताला नुसती कातडी लागते. मग दोघं नाचतात आणि तेवढा वेळ तिला भीती वाटत नाही. बास, संपलं गाणं.

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं रडवायचा धंदा आहे नुसता. अमेरिकेत आजारी, मरणाऱ्या लेकरांची गाणी दीडशे वर्षांपासून चालत आलीयेत, मरता मरता पोर आईला सांगतं की माझे छोटे बूट उचलून ठेव, असलं गाणं तिकडे १८७० च्या दशकातलं आहे आणि ते पुढे कंट्रीवाले कितीतरी वर्षं गात राहिले. तर हे त्याचंच नवं मॉडेल असं मी धरून चाललो, आणि २००६ ला परत आल्यावर विसरूनही गेलो.

२०१४ ला ताईचा फोन आला. चिऊला (हे घरातलं लाडाचं नाव, खरं नाव इथे टाकत नाही) महिनाभर ताप येतजात होता, अंगावर काळेनिळे डाग, कराडला रक्त तपासलं आणि तिथल्या डॉक्टरांनी एक मिनिट पण न घालवता मुंबईला टाटा हॉस्पिटलला जा म्हणून चिठ्ठी दिली. आठ वर्षांची पोर. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. ए.एल.एल. म्हणजे लहान मुलांचा ब्लड कॅन्सर, पण आमच्याकडे तो शब्द कोणी उच्चारायचं नाही, “रक्ताचं झालंय” एवढंच. खूप नंतर गाणं पुन्हा ऐकताना लक्षात आलं की त्यात पण आजाराचं नाव कुठेच नाहीये! लाल पेशी, पांढऱ्या पेशी, बिघडलंय, बास. लिहिणाऱ्याला घरातली बोली बरोबर माहिती होती असं म्हणायला पाहिजे.

आणि गाण्यातला तो दहातले सहाचा आकडा. दाजी डॉक्टरांच्या मागेच लागले होते की टक्के सांगा, टक्के सांगा. डॉक्टर म्हणाले चांगली होतात मुलं, भरपूर होतात. दाजींना तेवढ्यानं पुरेना, त्यांना परीक्षेच्या मार्कांसारखा आकडा पाहिजे होता. मी नेटवर बघत बसायचो. १९६२ ला मेम्फिसमध्ये सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा या आजारातून शंभरातली चारेक मुलं वाचायची, आता तिकडे नव्वदच्या आसपास वाचतात. हेच ते हॉस्पिटल ज्याच्यासाठी कंट्री रेडिओवाले १९८९ पासून पैसे गोळा करतात, अलाबामा बँडच्या रँडी ओवेनने सुरू केलं ते, आणि तिथे घरच्यांना उपचाराचं बिलच येत नाही. म्हणजे ज्या गाण्यांना मी हसायचो त्यांच्या मधल्या वेळात रेडिओवर ही वर्गणी चालू असायची, आणि मी तेव्हा स्टेशन बदलायचो.

ताई-दाजी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. परळ तिथून जवळ. तिथे संध्याकाळी सगळ्यांचं बोलणं एकच, रक्तातल्या पेशींचा काउंट किती, प्लेटलेट किती, उद्या पाठीत सुई आहे का. अडीच वर्षं चालते ही ट्रीटमेंट, पण पहिले काही महिने म्हणजे नुसती धावपळ, आज ॲडमिट उद्या घरी.

तिसऱ्या आठवड्यात केस गेले. उशीवरच. ताईने त्या दोन्ही रिबिनी पर्समध्ये ठेवल्या, अजून आहेत. चिऊ चार दिवस स्कार्फ काढेना, बापाशी पण बोलेना. मग एक दिवस दाजी दादरला बाहेर गेले आणि सलूनमधून गुळगुळीत होऊन आले. मी तिथेच होतो. मला कुठलं गाणं आठवायला, मला आधी पोटात धस्स झालं. आपल्याकडे पुरुषमाणूस असं टक्कल करून दिसलं की डोक्यात पहिला प्रश्न एकच येतो.

त्याच आठवड्यात पैशाच्या व्यवस्थेला दाजी गावी गेले, कराडच्या स्टँडवर उतरल्यापासून जो भेटेल तो आवाज खाली करून विचारतोय, कोण गेलं? घरी पोचले तर त्यांची आई दारातच किंचाळली. “आरं तुझा बा अजून जित्ता हाय, आन् तू डोकं भादरून आलास?” म्हातारे आबा मागे कॉटवर बसून बघतायत. दाजी म्हणाले पोरीसाठी केलंय. दोन दिवस म्हातारी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी देवळातून अंगारा घेऊन आली, लेकाच्या टकलाला लावला आणि उरलेला चिऊसाठी पुडीत बांधून दिला. म्हणाली, तिला सांग, दुसऱ्यांदा जावळ काढलंय म्हणावं.

अमेरिकेत आता हे टक्कल करणं मोठा इव्हेंट झालाय, सेंट बाल्ड्रिक्स म्हणून संस्था आहे, २००० सालापासून लोक डोकी भादरून मुलांच्या कॅन्सरवरच्या रिसर्चसाठी पैसे जमवतात, टाळ्या बिळ्या वाजवतात. छानच आहे. पण तिकडे टोपी काढली की सगळे प्रेमाने रडतात, आणि आमच्या दाजींना स्टँडपासून घरापर्यंत जिवंत बापाचं सुतक झेलत चालावं लागलं. गाणाऱ्याने त्या मुलाच्या आईला काय वाटलं ते सांगितलेलंच नाही.

चिऊ आता कॉलेजात आहे. मागच्या दिवाळीत तिला मी ते गाणं ऐकवलं, इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा बरं आहे. इयरफोन काढून म्हणाली, “मामा, मग पुढे वाचली का ती?” म्हटलं गाण्यात नाही सांगितलं. “असं कसं नाही सांगितलं?” म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली. मग हसायला लागली. म्हणे पप्पांनी टक्कल केलं तेव्हा मला भीती कमी बिमी काही झाली नव्हती, मला जाम राग आला होता, मी त्यांना म्हटलं होतं तुम्ही किती घाण दिसताय, परत वाढवा आधी.

दाजींचे काही नीट आले नाहीत, वय पण झालं होतं. चिऊचे आले, पण पहिले सरळ होते ते कुरळे आले, आणि ताई तेल लावायला बसली की अजून कटकट करते, एवढे कुठून आले म्हणून.