तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाडीच्या चिखलाला वास का येतो

ओहोटीच्या वेळी गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतून जाताना हमखास विचारलं जातं: "कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे मांडवीत सांडपाणी सोडतात ना?" नुसत्या वासावरून तसं म्हणता येत नाही, असं उत्तर दिलं की मी कुणाला तरी पाठीशी घालतोय असं लोकांना वाटतं.

खारफुटीखालचा चिखल खणून पाहा. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, कारण तिथवर हवा पोचते. त्याखाली प्राणवायू नाही. जिवाणू मग प्राणवायूऐवजी आधी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज आणि लोह, शेवटी सल्फेट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सल्फेट सुमारे 2.7 ग्रॅम असतं, ते सहज संपत नाही. त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड म्हणजे तो वास. लोहाशी जुळला की काळा रंग. याला गटार लागत नाही, पडलेली पानं पुरतात. याच चिखलात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. कुर्ल्यांच्या बिळांतून हवा आत शिरते, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं आणि बोटभर पलीकडे ते संपतं. वास येतो म्हणून खाडी मातीने बुजवा म्हणणाऱ्यांनी सांगावं, पावसात शेतांतून येणारं नायट्रेट मग कोण पचवणार?

पण पूर्वी मी "वास म्हणजे निरोगी खाडी" असंही म्हणायचो. ते चूक होतं. मैलापाण्यानेही तोच वास येतो, नाकाला फरक कळत नाही.

आणि मोजूनही कळेलच असं नाही. नदीच्या पाण्याच्या एका बाटलीवरून झालेला वाद अजून सलतो. अमोनिया भरपूर निघाला, सांडपाणी आहे म्हणणाऱ्यांनी आणि नाही म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही तोच आकडा नाचवला. पाणी ओहोटीच्या शेवटी भरलेलं, न गाळता तीन तास उन्हात ठेवलेलं. ओहोटी संपताना चिखलातलं पाणी झिरपून नदीत येतं, त्यात अमोनिया मुळातच जास्त. शिवाय बाटलीत जिवाणूंचं काम चालूच राहतं. आकडा चढतो किंवा उतरतो. खरं तर बाटल्या 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवाव्यात, पाणी लगेच 0.7 मायक्रॉनच्या काचतंतूच्या फिल्टरमधून गाळावं, बर्फात ठेवावं, अमोनिया त्याच दिवशी मोजावा. हातमोजे हवेत, आसपास सिगारेट नको. दर तासाला एक नमुना, साडेबारा तास, उधाणाला (मोठी भरती) आणि भांगेला (लहान भरती) वेगवेगळे, प्रत्येकासोबत क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ. क्षारतेसमोर अमोनिया मांडला आणि सरळ रेष आली तर नदीच्या आणि समुद्राच्या पाण्याची नुसती मिसळण. रेषेवर फुगवटा आला तर वाटेत कुठूनतरी भर पडतेय. ती चिखलातून की गटारातून, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतले जिवाणूसुद्धा तपासावे लागतात. पुराच्या दिवसांत नदीचं पाणी तासातासाला बदलतं, तेव्हा फुगवटाही फसवतो.

त्या बाटलीतलं पाणी कुठलं होतं, हे आता ठरवता येणार नाही. जुलैत नदी गोडी होते, सल्फेट घटतं, वास मंदावतो. म्हणून सांडपाणी थांबलं असंही समजू नका.