सगळ्यांचं २००, एकाचं १४६

२०२१ चं सेमिस्टर, कॉलेज बंद, आणि मी इथे इंदूरला रामबागेतल्या घरून सेकंड इयर मेकॅनिकलला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवत होते. थिअरी ऑनलाइन कशीतरी निभते, पण प्रॅक्टिकलचं काय करायचं? आयआयटीवाल्यांच्या व्हर्च्युअल लॅब आहेत, चांगल्या आहेत, पण तिथे पट्टी कधी सरकत नाही, वजन हलत नाही. म्हणून मी घरीच करायचं प्रॅक्टिकल दिलं. ३० सेमीची स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबायची, टोकाच्या भोकात दोरा ओवून वजन टांगायचं, कडेपासून भोकापर्यंत २५० मिमी, पट्टी किती वाकते ते मोजायचं आणि त्यावरून स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्टील किती ताठ आहे ते सांगणारा आकडा, काढायचा.

सबमिशन आली तर जवळपास सगळ्यांचं २०० जीपीए (गिगापास्कल, या आकड्याचं एकक). पुस्तकात तेच आहे ना! २०० ग्रॅमला २४.५ मिमी, काहींनी तर २४.५३ लिहिलं. अरे, घरातल्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर वाचता आला तरी खूप झालं, दशांशानंतर दोन आकडे कुठून आणलेत? उत्तरावरून उलटं येत रीडिंग बनवलेली, जाडी सगळ्यांनी १ मिमी धरलेली, ग्राफवर एकही पॉइंट रेषेबाहेर नाही.

एकाचं मात्र १४६. देवासचा मुलगा, क्लासमध्ये कॅमेरा कायम बंद, नेट खराब म्हणून. ५० ग्रॅमला ८, १०० ला १७, २०० ला वजन चढवताना ३३ आणि उतरवताना ३४. उतरवताना पण रीडिंग घ्यायची हे मी नुसतं एकदा बोलले होते, ते फक्त यानेच केलं.

पोर्टलमध्ये उत्तर २०० आणि फरक पाच टक्क्यांपर्यंत चालेल, असं डिपार्टमेंटकडून आधीच भरलेलं, त्यामुळे त्याला सरळ शून्य. व्हायवाच्या दिवशी मी त्याला शेवटी ठेवलं म्हणजे वेळ मिळेल. आवाज तुटत होता. विचारलं, "१४६ का आलं रे?"

"मॅडम, जाडी १ मिमी धरली होती. पण फॉर्म्युल्यात जाडीचा घन येतो, म्हणून शंका आली. मामा पिथमपुरला लेथवर आहेत, त्यांच्याकडून मायक्रोमीटरने मोजून आणली. ०.९१ निघाली. आता १९४ येतं."

मी लगेच कागदावर करून बघितलं, बरोबर १९४. मग मी मुद्दाम म्हटलं, उरलेले सहा कुठे गेले? तो म्हणाला, पट्टी पाट्याखाली दाबली होती, पाट्याची कड टेबलाच्या कडेशी नीट जुळत नाही, पट्टी खरं तर अडीचेक मिमी आतून वाकायला लागत असेल, आणि लांबीचाही घनच आहे. तीन टक्के तिथेच गेले!

इतक्या वर्षांत लॅबमध्ये समोर उभ्या असलेल्या मुलांकडूनही मी असं उत्तर ऐकलेलं नाही. एरर अ‍ॅनालिसिस म्हणून आम्ही जर्नलमध्ये जे दोन ओळींचं छापील उत्तर लिहून घेतो, त्याची मला खरोखर लाज वाटली.

एचओडींना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, मार्क लॉक झालेत, एकाचे बदलले की बाकीचे भांडायला येतील." येऊ देत की. आलेच तर मी प्रत्येकाला आपापली पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून तेच प्रॅक्टिकल पुन्हा करायला लावीन. पण खरं सांगते, बाकीच्यांना कॉपीबाज म्हणून मोकळं व्हायलाही माझं मन तयार नाही, कारण पोर्टलने त्यांच्याकडे २०० च मागितलं होतं आणि त्यांनी ते दिलं.

मी परीक्षा विभागाला त्याच्या रीडिंगसकट लेखी अर्ज दिलाय, उत्तर अजून नाही. पुढच्या बॅचसाठी प्रश्न बदलून घेतलाय: जाडी कशाने मोजली, चढती-उतरती रीडिंग, आणि उत्तर २०० नसेल तर का नाही. यातला शेवटचा भाग पोर्टलला तपासता येत नाही, म्हणून तो मी स्वतः वाचणार आहे, सगळ्या वर्गाचा.