आडनावातली दोन अक्षरं

रात्रीचे साडेअकरा.

झोप लागेना म्हणून लिहायला बसले. संध्याकाळी धाकटीनं विचारलं, "आत्त्या, मग माझं खरं आडनाव कुठलं?" मी मान वर न करता म्हटलं, "पासपोर्टावर आहे ते." उत्तर बरोबरच होतं. तरी तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

तिच्या अमेरिकेतल्या इंटर्नशिपचे, जे-१ व्हिसाचे कागद अजून टेबलावर तसेच पसरलेत. पासपोर्टावर चौगुले. दहावीच्या मार्क्स कार्डावर चौगला, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी कन्नडच्या सवयीनं तसं लिहिलं. तेच मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आलं, तेच इंजिनिअरिंगला व्हीटीयू युनिव्हर्सिटीच्या प्रत्येक सेमिस्टरला. पोरीनं बायोडेटा मार्क्स कार्ड बघून केला, कंपनीनं ऑफर लेटर बायोडेटा बघून. इंटर्नशिपचा आराखडा असतो तो डीएस-७००२, त्यावरही चौगलाच. इंग्रजीत फरक दोन अक्षरांचा: जी-नंतर यू हवा तिथं ए, आणि शेवटी ई हवा तिथंही ए.

डीएस-२०१९, म्हणजे ज्याच्या आधारावर जे-१ व्हिसा मागायचा ते पत्र, अजून निघालेलं नाही, एवढं बरं. ते कंपनी देत नाही, इंटर्नशिपचा कार्यक्रम चालवणारी स्पॉन्सर संस्था देते, आणि त्यावरचं नाव पासपोर्टाच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात त्यांच्याशी जुळावं लागतं. म्हणून आधी स्पॉन्सरला त्या पानाची स्कॅन प्रत पाठवायची. नाव दुरुस्त करून ७००२ नव्यानं, त्यावर पुन्हा तिघांच्या सह्या: तिची, कंपनीची, स्पॉन्सरची. मग डीएस-२०१९. त्यावर एन-पासून सुरू होणारा सेविस नंबर येतो, म्हणजे अमेरिकी सरकारच्या नोंदीतला तिचा नंबर, तो घालून सेविसची फी २२० डॉलर भरायची. मग डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, आणि व्हिसाचे १८५ डॉलर. हा क्रम मोडून घाईनं पैसे भरले की चुकीचं नाव पुढच्या प्रत्येक कागदावर जातं आणि मुंबईच्या मुलाखतीपर्यंत तेच निस्तरत बसावं लागतं.

७००२ नव्यानं होणारच आहे तर नीट वाचून घ्यायला सांगितलं. आठवड्याला किमान ३२ तास, कारकुनी काम २० टक्क्यांच्या आत, कोण शिकवणार, काय शिकवणार. विम्यात दर आजाराला निदान १ लाख डॉलरचं कव्हर. हे सगळं ती पटापट लिहून घेत होती. आडनावाशी आली की पेन थांबायचं.

दादा म्हणाला, "पासपोर्टच बदलूया की, पंधराशे रुपयांत होतंय." होतंय, खरं पोलीस व्हेरिफिकेशन परत लागू शकतं, आणि आधारही बदलावं लागेल. आणि मग घरात सगळे चौगुले, ती एकटी चौगला? ते मला सहनच होईना. मी तर ते आडनाव लग्नात सोडलंच. असो.

मार्क्स कार्ड बदलायचं म्हटलं तर शाळा, बोर्ड, मग युनिव्हर्सिटी. तेवढे महिने नाहीत हातात. त्यापेक्षा नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट, आणि कॉलेजचं बोनाफाईड पासपोर्टाच्या स्पेलिंगनं, खाली मार्क्स कार्डावरच्या नावाचा उल्लेख करून. बोनाफाईड तर लागणारच. जे-१ वर इंटर्न म्हणून जायचं तर शिकत असायला हवं, नाहीतर डिग्री होऊन १२ महिन्यांच्या आत असायला हवं.

कधी कधी फार वाईट वाटतं. निपाणी ओलांडून महाराष्ट्रात कागलला जन्मली असती तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. आमच्या पोरांनी अभ्यास तेवढाच करायचा, आणि वर आपण कोण हे कागदोपत्री सिद्ध करत फिरायचं. जन्मगावाचंही तेच. दाखल्यावर बेलगाम, २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावी, घरात बेळगाव. फॉर्मवर पासपोर्टावरचं जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच सांगितलं तिला. त्या तारखेबद्दल, सीमाभागातल्या आमच्या काळ्या दिवसाबद्दल, बोलायला लागले असते तर रात्र पुरली नसती.

"खरं आडनाव कुठलं?" तिला उत्तर हवं होतं. मी नियम सांगितला.

आत्ता कागद गोळा करताना पासपोर्टाच्या पानावर तिची सही दिसली. देवनागरीत आहे. 'चौ'च्या दोन मात्रा एकमेकींना चिकटलेल्या, 'ले'ची मात्रा ओढून पार मागं नेलेली, आमचे आण्णा करायचे तशी. कुणी शिकवली असेल? आण्णा गेले तेव्हा ती चौथीत होती. सही कुठल्या लिपीत करावी याला बंधन नाही, सगळीकडे सारखी असली की झालं. ७००२ वरही हीच चालेल. बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले. घसा जरा मोकळा झाला.

सकाळी उठवून आधी हे दाखवीन तिला. मग स्पॉन्सरला मेल. दहाला नोटरी, येताना कॉलेज. पासपोर्टाच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या घ्यायला हव्यात.