विकलं नाही, मग तोटा कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. वार्षिक सभेत भागधारक विचारतात, बोनसच्या बोलणीत युनियनची माणसं विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात. शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच: "कंपनीनं शेअर विकले नाहीत, म्युच्युअल फंड मोडले नाहीत, कर्जाचा एक हप्ता चुकवला नाही. मग ताळेबंदात हा तोटा आला कुठून?" आणि दोन वर्षांनी दर फिरले की त्याच प्रश्नाची दुसरी बाजू येते: "मग तो तोटा गेला कुठं?" आमच्या फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले एक मोल्डर आहेत, थोडे शेअर बाळगून आहेत. त्यांनी हे सगळ्यात नेमकं विचारलं होतं. "आवं साहेब, पैसं कुणाला दिलं न्हाईत आणि तोटा म्हणताय. मग पैसं गेलं कुणाच्या खिशात?"

कोल्हापूरच्या पट्ट्यात एका कंपनीचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, आणि आकडे खाली जे देतोय ते समजण्यापुरते शंभर कोटींच्या मापात बसवलेले आहेत.

आधी सोपा भाग. इंड एएस १०९ हा हिशेबाचा नियम लागू झाल्यापासून कंपनीकडची म्युच्युअल फंडाची युनिटं ३१ मार्चच्या एनएव्हीनं, म्हणजे त्या दिवशीच्या युनिटमागच्या भावानं, दाखवावी लागतात आणि फरक सरळ नफातोटा पत्रकात जातो. व्यापारासाठी नसलेल्या शेअरना पर्याय आहे: घेतानाच ठरवलं तर त्यांचा फरक ओसीआयमध्ये, म्हणजे नफ्याच्या ओळीखालच्या वेगळ्या भागात ठेवता येतो. पण एकदा ठरवलं की बदलता येत नाही, आणि पुढे शेअर फायद्यात विकले तरी तो फायदा नफ्यात आणता येत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला आणि आठवड्याभरात आमचा ताळेबंदाचा दिवस आला. त्या दिवशीचा भाव तो त्या दिवशीचा भाव. पुढे बाजार सावरला, हे खरं. पण ३१ मार्चला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"पण विकायचेच नव्हते ना?" त्याचं उत्तर मी शाहू मार्केट यार्डातल्या हिशेबानं देतो. पाडव्याच्या सौद्यात घेतलेला गूळ कोल्ड स्टोरेजमध्ये पडून आहे आणि मध्येच दोघा भावांची वाटणी निघाली. गूळ विकलेला नाही. तरी घेतल्या भावानं वाटणी करायला कुठला भाऊ तयार होईल? आजचा दर काढल्याशिवाय कुणी सही करणार नाही. लिस्टेड कंपनीत ही वाटणी रोज होत असते. रोज कुणीतरी शेअर विकून बाहेर पडतो आणि कुणीतरी आत येतो. आजचा दर लपवला, तर त्या दोघांतल्या एकाला आपण फसवतो. इथपर्यंत माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

शंका सुरू होते ती व्याजाच्या हेजपाशी. हेज म्हणजे दर हलले तरी आपल्याला झळ बसू नये म्हणून केलेला बंदोबस्त. २०१८ च्या अखेरीला कंपनीनं डॉलरमध्ये कर्ज घेतलं. पाच वर्षं मुदत, मुद्दल शेवटी एकदम, व्याज लायबरप्रमाणे, म्हणजे लंडनच्या बँकांमधल्या तेव्हाच्या दराप्रमाणे, वरखाली होणारं. कास्टिंगची निर्यात डॉलरमध्ये असल्यामुळे चलनाची फार काळजी नव्हती, काळजी व्याजाची होती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेड, दर चढवत होती आणि त्या डिसेंबरात ते २.२५ ते २.५० टक्क्यांवर गेले होते. म्हणून बँकेशी स्वॅप केला: आम्ही बँकेला ठरलेले ३ टक्के द्यायचे, बँकेनं आम्हाला लायबर द्यायचा. लायबर आला तसा कर्जाकडे गेला, आमच्या हातात उरलं पक्कं ३ टक्के आणि कर्जावरचं वरचं मार्जिन. फौंड्रीत कोक, पिग आयर्न, वीज, सगळ्याचे भाव हलत असतात. एक तरी खर्च जागेवर राहावा, एवढाच हेतू. कागदपत्रं पहिल्याच दिवशी केली होती, कारण हेज अकाउंटिंग मागच्या तारखेनं करता येत नाही. त्यामुळे स्वॅपच्या किमतीतला फरक नफातोट्यात न येता ओसीआयमधल्या हेज रिझर्व्हमध्ये जात होता.

मग मार्च २०२० आला. १५ मार्चला फेडनं दर जवळजवळ शून्यावर आणले. बँकेचं एमटीएम पत्र आलं, म्हणजे स्वॅपची आजच्या बाजारभावानं किंमत सांगणारं. तोच स्वॅप आज नव्यानं केला तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास मिळत होता. आम्ही ३ वर बांधलेले. वर्षाला अडीच टक्क्यांचा फरक, पावणेचार वर्षं शिल्लक, आजच्या किमतीला आणलं तर शंभर कोटींमागे नऊ कोटींच्या थोडं वर. तेवढं देणं ताळेबंदावर आलं आणि तेवढंच नेट वर्थमधून, म्हणजे मालकांच्या निव्वळ भांडवलातून, वजा झालं.

सेबीनं मुदत वाढवून दिल्यामुळे त्या वर्षी मार्चचे निकाल जूनअखेर आणि पुढे जुलैअखेरपर्यंत देता येत होते. आमची बोर्डाची बैठक जूनमध्ये झाली, प्रत्येक जण आपापल्या घरून स्क्रीनवर. मी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत कागद पसरून बसलो होतो. भट्ट्या नुकत्याच पेटल्या होत्या, त्याही सगळ्या नाहीत. परप्रांतातले कामगार गावी गेलेले, ट्रकच्या कास्टिंगच्या ऑर्डरी अर्ध्यावर आलेल्या. अशा वेळी नऊ कोटींची ती ओळ समोर आली आणि बाकीची विषयपत्रिका बाजूला पडली.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, की यात एक रुपयाही आज द्यायचा नाही, व्याज ठरल्याप्रमाणे ३ टक्केच जाणार आहे, डिसेंबर २०२३ पर्यंत हा आकडा आपोआप शून्य होणार आहे. एका संचालकांनी विचारलं, "पुढच्या तिमाहीला हे पंधरा कोटी झालं तर?" मी म्हटलं, होणार नाही, दर पूर्ण शून्यावर गेले तरी ३ टक्के गुणिले पावणेचार वर्षं, सव्वाअकराच्या वर हा आकडा जात नाही. ते म्हणाले, "युरोपात दर शून्याखाली आहेत. एप्रिलमध्ये कच्चं तेल शून्याखाली विकलं गेलं, ते तरी कुणाला खरं वाटलं असतं का? तुम्ही लेखी देता का, की अमेरिकेत असं होणार नाही?" मी लेखी देऊ शकत नव्हतो. कुणीच देऊ शकलं नसतं.

मग मी तो मुद्दा मांडला जो मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कर्ज आणि स्वॅप मिळून ते फिक्स्ड दराचं कर्ज आहे. आपण २०१८ ला सरळ फिक्स्ड दरानं कर्ज काढलं असतं, तर आज आपण याच जागी उभे असतो, हेच व्याज देत असतो. पण ते कर्ज अमॉर्टाइज्ड कॉस्टवर, म्हणजे बाजारभावाबरोबर न हलणाऱ्या हिशेबी किमतीवर, राहिलं असतं आणि ही ओळ ताळेबंदावर आलीच नसती. टीपांमध्ये कुठेतरी त्याची फेअर व्हॅल्यू, म्हणजे आजची बाजारकिंमत, छापली गेली असती, आणि ती कुणी वाचली नसती. दोन कंपन्या, एकच परिस्थिती, एकीच्या नेट वर्थला नऊ कोटींचं भगदाड आणि दुसरीला ओरखडाही नाही. म्हणजे हा आकडा आपल्या धंद्याबद्दल नवीन काही सांगत नाही. आपण कर्ज दोन कागदांवर घेतलं, एवढंच सांगतो.

शांतपणे ऐकून घेतलं गेलं. मग मोठे साहेब म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर असेल. पण हा आकडा बघून मला झोप लागणार नाही. मोडून टाका." माझा विरोध इतिवृत्तात आहे. स्वॅप मोडला. नऊ कोटी, खरेखुरे, खात्यातून गेले. ज्या महिन्यात आम्ही पुरवठादारांना पैशासाठी थांबायला सांगत होतो, त्या महिन्यात.

आता ज्यांनी "स्वॅप मोडला, तरी तोटा कसा संपला नाही?" असं विचारलं, त्यांच्यासाठी. हेज मोडला तरी रिझर्व्हमध्ये साठलेला तोटा लगेच पुसला जात नाही. ज्या व्याजासाठी हेज होता ते व्याज अजून जायचं असेल, तर तो तोटा त्या त्या वर्षीच्या व्याजाबरोबर थोडा थोडा नफातोट्यात उतरतो. म्हणून आकडा डोळ्यांसमोरून जावा यासाठी नऊ कोटी दिले आणि तोच आकडा २०२३ पर्यंत दर तिमाहीला तुकड्यातुकड्यानं येत राहिला. आधी तो नफ्याच्या ओळीखाली होता, आता ओळीवर आला होता. युनियनच्या पोरांनी विचारलं ते याच तुकड्यांबद्दल, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०२१ मध्ये लायबर पाव टक्क्याच्याही खाली होता आणि मोडण्याच्या बाजूनं बोललेले लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. मार्च २०२२ पासून फेडनं दर चढवायला सुरुवात केली, डिसेंबरात ४.२५ ते ४.५० टक्के, जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५०. स्वॅप ठेवला असता तर तेव्हा तो देणं राहिला नसता, येणं झाला असता. सगळी गोळाबेरीज केली तर मोडल्यामुळे तीन कोटींच्या आतबाहेर व्याज वाचलं आणि त्यासाठी नऊ दिले. पण ही गोळाबेरीज मी कुणाच्या तोंडावर मारत नाही. जून २०२० मध्ये नऊ कोटी हा बाजाराचा प्रामाणिक अंदाज होता, आणि दर खालीच राहिले असते तर हिशेब बरोबरीच्या आसपास सुटला असता. माझी तक्रार दर चुकल्याची नाही. रोख रकमेची सगळ्यात जास्त गरज असताना ती एका छापील ओळीला घाबरून दिली, ही आहे.

२०१७ मध्ये, नवीन पद्धत आमच्यापर्यंत पोचली तेव्हा, मी इथल्या तरुण सीएंपुढे बोलताना छातीठोकपणे म्हटलं होतं की आकडा दाखवल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते लपवल्यानं. त्या माणसाशी माझं आता भांडण आहे. माझ्या डोळ्यांदेखत दाखवलेल्या आकड्यानं नऊ कोटी बाहेर काढले. बोर्डावरची माणसं अडाणी नव्हती, घाबरट तर नव्हतीच. २०१९ च्या पुरात हायवे बंद असताना कारखाना कसा सांभाळायचा हे त्यांनीच दाखवलं होतं. पण नेट वर्थमधून वजा झालेला आकडा "कागदावरचा" आहे असं कितीही सांगितलं तरी माणूस त्याला खरा तोटा म्हणूनच वाचतो. त्याच्यावर निर्णय घेतो.

पण तो २०१७ चा माणूसही गप्प बसत नाही. तो मला २००८ ची आठवण करून देतो. २००७-०८ मध्ये देशभरातल्या किती तरी लहानमोठ्या निर्यातदारांनी बँकांच्या सांगण्यावरून चलनाची किचकट डेरिव्हेटिव्ह, म्हणजे पुढच्या दरांवर बांधलेले करार, घेतली होती, आणि तोटा त्यांच्या पुस्तकात कुठेच दिसत नव्हता. मार्च २००८ मध्ये सीएंची संस्था आयसीएआयनं असे एमटीएम तोटे दाखवायला लावले तेव्हा खड्डा किती खोल आहे ते कळलं. आणि २०२३ ची अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून रोखे मूळ किमतीला दाखवलेले, त्यातला अब्जावधी डॉलरचा तोटा टीपांमध्ये छापलेला, व्याजाचे हेज आधीच काढून टाकलेले. ठेवीदार दारात आले, विकायचंच नव्हतं ते विकायची वेळ आली, आणि १० मार्चला बँक गेली. "विकायचं नाही" हे आपल्या हातात असतं, असं आपण धरून चालतो. ते नेहमी आपल्या हातात नसतं.

कंपनी कायद्यानं एक रस्ता काढलाय: कलम १२३ प्रमाणे लाभांश ठरवताना फेअर व्हॅल्यूमुळे आलेला न विकलेला नफा धरता येत नाही. कागदावरचा नफा वाटता येत नाही, हे चांगलंच आहे. कागदावरच्या तोट्याला घाबरून पैसे देऊ नका, असं मात्र कुठलंच कलम सांगू शकत नाही.

सध्या मी बोर्डाला जाणाऱ्या टिपणात कुठल्याही स्वॅपची ओळ कधीच एकटी ठेवत नाही. शेजारी त्याच कर्जावर दर बदलल्यामुळे पुढे जे व्याज कमीजास्त जाणार त्याची आजची किंमत देतो, म्हणजे एकीकडे जे गेलंय ते दुसरीकडे आलेलं दिसावं, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी प्रत्यक्ष किती रोख जाणार तेही लिहितो. आमच्या ऑडिटरना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ताळेबंदात नसलेली किंमत पहिल्या पानावर आणून मी देण्याची धार कमी करतोय. मी म्हणतो, अर्धीच बाजू धारदार ठेवल्यानं काय होतं ते मी बघितलंय. दर तिमाहीला आमचा हा वाद होतो, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बोलण्यातला एखादा मुद्दा मला खोडता येत नाही.