कोल्हापूरहून तांबळडेगच्या वाळूच्या टेकड्या: एका दिवसाची स्वस्त सहल

देवगड तालुक्यातलं तांबळडेग राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटमार्गे सुमारे १५० किलोमीटर. पहाटे ४ला निघून ८पर्यंत किनारा गाठा, कारण ११नंतर कोरडी वाळू पाय भाजते. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर भरून न्या. ५ जागा रिकाम्या राहिल्या की स्वस्ताईच संपते. भाडं ठरवताना ड्रायव्हर भत्ता त्यात धरलाय का, ते आधीच विचारा.

तारीख तिथी बघून निवडा. मच्छीमारांचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३ला भरती, म्हणजे सकाळी ९च्या सुमारास ओहोटी. चालायला ओली, घट्ट वाळू मिळते.

गाडी डांबरी रस्त्यावरच थांबवा. चाक रुतलंच तर रेस वाढवू नका, ते आणखी खोल जातं. हवा थोडी कमी करून चाकाखाली पोती घाला.

टेकडी उभी राहते ती मर्यादवेल ही वाळूत पसरणारी वेल आणि रावणाच्या मिशा हे टोकदार गवत यांच्यामुळे. वाऱ्यानं उडालेली वाळू त्यांच्यात अडकते, वेल पेरापेरांतून मुळं सोडत वर येते, आणि टेकडी वाढते. एक वेल तुडवली की तिथून वारा खिंडार पाडतो. म्हणून वर चढून घसरगुंडी नको, कितीही मोह झाला तरी! मळलेल्या वाटेनं एकामागोमाग चला. मिशांची टोकं टोचतात; चपलांऐवजी बूट घाला. नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या विणीचा काळ, अंड्यांभोवती जाळी लावलेल्या जागेपासून लांब राहा.

पाणी माणशी २ लिटर.